पस्तिसावा सेकंद

सिरोसिस झालेलं यकृत सोनोग्राफीत नांगरून टाकलेल्या शेतासारखं दिसतं, सगळी ढेकळंच ढेकळं. त्यात दीड सेंटिमीटरची गाठ शोधायची. "आजोबा, डाव्या कुशीवर वळा, आता छाती भरून श्वास घ्या." यकृताचा वरचा घुमट फासळ्यांमागे दडलेला असतो. श्वास भरला की तो बोटभर खाली सरकतो. दोन फासळ्यांच्या फटीत प्रोब तिरका धरून मी त्याचीच वाट पाहत असते.

सिरोसिसच्या रुग्णाची दर सहा महिन्यांनी ही तपासणी व्हायला हवी, असा माझा आग्रह असतो. स्वस्त, किरणोत्सर्ग नाही, तालुक्याच्या गावीही होते. स्थूल माणसात किंवा चरबीने भरलेल्या यकृतात मात्र ती कमी पडते. शिवाय गाठ आहे एवढं ती सांगते, कसली आहे ते नाही.

ते सांगतं रक्त. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून येतं, उरलेलं धमनीतून. यकृतपेशींचा कर्करोग मात्र जवळजवळ धमनीवरच पोसतो. म्हणून सीटी करताना शिरेत कॉन्ट्रास्ट सोडल्यावर साधारण पस्तिसाव्या सेकंदाला गाठ उजळते आणि भोवतालचं यकृत अजून फिकं असतं. सत्तराव्या सेकंदापर्यंत यकृत उजळतं, तोवर गाठीतलं औषध ओसरू लागलेलं असतं. काही वेळा ते ओसरणं तीन-चार मिनिटांनंतरच्या चित्रातच कळतं. सिरोसिसच्या रुग्णात एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ अशी उजळून काळवंडली, की लाय-रॅड्स या यकृताच्या गाठींच्या वर्गीकरणात पाचव्या श्रेणीत बसते आणि सुईने तुकडा न काढता उपचार सुरू करता येतात. फार थोड्या कर्करोगांत चित्रावर एवढा विश्वास टाकतात.

हा विश्वास काही सेकंदांवर उभा आहे, हे मी एका चुकीतून शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत एका सीटीत धमनीचा टप्पा, म्हणजे तो पस्तिसाव्या सेकंदाचा, लवकर घेतला गेला होता. गाठ उजळलीच नव्हती. मी 'संशयास्पद काही नाही' असं लिहून सही केली. सहा महिन्यांनी ते गृहस्थ पुन्हा आले, तेव्हा गाठ चार सेंटिमीटरची झाली होती. जुनी चित्रं काढून पाहिली. पोर्टल व्हेन कोरी होती, त्यात कॉन्ट्रास्टचा मागमूस नव्हता. म्हणजे वेळ चुकली होती, आणि ते त्याच दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं. तेव्हापासून मी गाठ नंतर बघते, आधी पोर्टल व्हेन.

"मग एमआरआयच करूया ना, मॅडम? ती भारी असते," असं नातेवाईक म्हणतात. लहान गाठी एमआरआयमध्ये जास्त सापडतात, हे खरंच आहे. गॅडोक्सेटिक ॲसिड नावाचं औषध दिलं तर ते निरोगी यकृतपेशी शोषून घेतात. वीस मिनिटांनी यकृत पांढरं होतं आणि बहुतेक कर्करोगाच्या गाठी काळ्या राहतात. पण काही रुग्णांचा श्वास याच औषधाने नेमका धमनीच्या टप्प्यात अडखळतो आणि हवं तेच चित्र हलतं. पोटात पाणी झालेल्या, पंधरा सेकंदही दम न धरवणाऱ्या माणसाला त्या बोगद्यात घालण्यापेक्षा मी नीट वेळ साधलेली सीटी पसंत करते. पेट स्कॅनचा आग्रह धरणारेही असतात. पण यकृतपेशींशी साम्य राखून असलेला कर्करोग त्यासाठी टोचलेली साखर धरून ठेवत नाही, त्यामुळे तो पेटमध्ये चमकेलच असं नाही.

आजोबांना दम लागत होता, म्हणून सीटीच ठरवली. यंत्रातला रेकॉर्ड केलेला आवाज त्यांना कळेना, तेव्हा मीच टेबलाजवळ उभी राहून तीनदा सराव करून घेतला.

"धरा म्हटलं की धरायचा, सोडा म्हणेपर्यंत."

"विहिरीत बुडी मारतात तसा?"

"अगदी तसाच."

काचेमागे येऊन बसले. इंजेक्टर सुरू झाला. धमनीच्या टप्प्याची चित्रं एकेक करून उमटली, एकही हललेलं नव्हतं. पोर्टल व्हेनमध्ये पांढुरकी छटा नुकती उतरत होती. मग मी गाठीकडे पाहिलं.