गौरीचं जेवण आणि युरियाचा हप्ता

भात पोटरीत आलंय, काल घरी गौरी जेवल्या. पुरणपोळी, कटाची आमटी अन् इंद्रायणीचा भात. १९८७ साली आपल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं दिलेला हा वाण. वाफ निघाली की घर घमघमतं.

मला पाच वर्षं शुगर आहे. सणाला पाहुणे आग्रह करतात, घरचे डोळे वटारतात. घास गोड लागत नाही. यंदा डॉक्टरांशी आधीच बोललो. भाताला युरिया आपण एकदम देत नाही, हप्त्यानं देतो. ताटाचंही तसंच. सकाळी उपाशी राहिलो नाही. आधी कोशिंबीर, पालेभाजी, उसळ; मग तूप लावून एकच पोळी, भात मूदभर. गुळाची असली तरी पोळी गोडच, ती मोजायचीच. गोळी वेळेवर, नंतर बांधापर्यंत चक्कर.

पंगतीत निवांत जेवलो. ज्यांना शुगर आहे त्यांनी आपापल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. तुमच्याकडं नैवेद्याला काय असतं, लिहा.