वाफ्याला पाचोळाच हवा

पुण्यात घर बांधून झालं की कंपाउंडच्या भिंतीलगत उरते ती डबर कालवलेली काळी माती. आमचा वाफाही तसाच. पावसात चपलेला लगदा चिकटायचा, एप्रिलात भेगांत सहज बोट जायचं. एक्झोराची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. जमिनीत लोह असतं, पण चुनखडी आणि सिमेंटच्या चुऱ्याने माती विम्लधर्मी झाली की मुळांना ते उचलता येत नाही. अशा मातीला नुसतं खत घालून भागत नाही, तिचा पोतच बदलावा लागतो.

नर्सरीवाल्याने कोकोपीटच्या विटा पुढे केल्या. कुंडीला ठीक, पण पाणी धरून बसणाऱ्या मातीत पाणी धरणारंच आणखी काय घालायचं? शिवाय त्यात अन्नांश नावापुरता, आणि नीट धुतलेलं नसेल तर क्षार. गांडूळखत उत्तम, पण चहाच्या चोथ्यासारखं बारीक. माती भुसभुशीत ठेवायला लागतो तो भरडपणा त्यात नाही, आणि वाफाभर घ्यायचं तर परवडतही नाही. ते मी झाडाला मूठमूठ देते, तेवढंच.

राहिलं शेणखत. "वर्षाचं कुजलेलं आहे, ताई," टेम्पोवाला म्हणाला. आमच्या माळीमामांनी काही न बोलता ढिगात कोपरापर्यंत हात खुपसला. आत चांगलीच ऊब होती. एक ढेकूळ फोडलं तर पांढरी, वेटोळं केलेली हुमणी. "ही गुलाबाची मुळं खाईल," म्हणत त्यांनी टेम्पो परत पाठवला. मुरलेलं शेणखत गार लागतं, चिमटीत भुगा होतं आणि त्याला शेणाचा नव्हे, मातीचा वास येतो.

शेवटी ठरलं ते फुकटातलं. उन्हाळ्याच्या तोंडावर कोपऱ्यावरच्या रेनट्रीचा सडा पडतो आणि झाडणारे तो पेटवून देतात. तो पोत्यांत भरून आणला. ही पानं बारीक, लवकर कुजणारी. आंब्या-फणसाची चिवट पानं कोयत्याने तोडूनच घातली. कोरडा पाचोळा थेट मातीत गाडू नये. त्यात कर्ब फार, नत्र कमी. कुजवणारे जिवाणू मग मातीतलंच नत्र ओढतात आणि रोपं उपाशी राहतात. म्हणून थराथरावर शेणकाला शिंपून ढीग ओलसर ठेवला. दसऱ्यापर्यंत तो निम्म्यावर बसला. पानांच्या शिरा अजून ओळखू येत होत्या, आणि मला तसंच हवं होतं. वाफसा आल्यावर चार बोटं जाडीचा थर पसरून वरच्या वीतभर मातीत कालवला.

पुढच्या उन्हाळ्यात भेगा पडल्या, पण केसाएवढ्या. एक्झोराची नवी पालवी हिरवी आली. भिंतीला अगदी खेटून असलेला तेवढा पिवळाच राहिला. तो काढून तिथे कण्हेर लावली, तिला ही माती चालते.

आपल्याकडच्या उन्हात मातीतला सेंद्रिय अंश भराभर संपतो, त्यामुळे दरवर्षी पोती हवीतच. यंदा शेजारच्या काकूंनीही पाचोळा साठवायला सुरुवात केली आहे, आणि झाडणाऱ्यांना चहा पाजून पोती आधी त्याच उचलतात.