पत

अंकासाठी काही लिहून पाठव, असे सरांनी कळविले, तेव्हा त्यांच्या मनात बर्फ, मॅपलची लाल झाडे आणि भले मोठे ग्रंथालय असणार. ते सारे इथे आहेच. पण अमेरिकेने मला पहिला धडा दिला तो वर्गात नव्हे, घरभाड्याच्या कचेरीत. आणि त्या धड्याची पूर्वपीठिका आमच्या कराडच्या घरात, मी सातवीत असतानाच, लिहिली गेली होती.

अण्णा सरकारी कचेरीत कारकून. एका सहकाऱ्याने पतसंस्थेतून कर्ज काढले, त्याला अण्णांनी जामीन म्हणून सही केली. त्याच्या मुलीचे लग्न होते, माणूस रोजच्या बसण्याउठण्यातला होता, आणि सही करायला पैसे थोडेच पडतात! पुढे त्या गृहस्थांनी हप्ते थकविले आणि ते अण्णांच्या पगारातून कापले जाऊ लागले. ती चार वर्षे आमचे घर वाण्याच्या वहीवर चालले. "शेठ, लिहून ठेवा," हे शब्द मी किती वेळा खाली मान घालून म्हटले असतील! शेवटचा हप्ता फिटला त्या रात्री अण्णा जेवताना म्हणाले, "उपाशी राहा, पण कुणाचं देणं ठेवू नका. आणि कुणासाठी सही करू नका."

हे वाक्य गाठीला बांधून मी ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रंथालयशास्त्र शिकायला इलिनॉयमध्ये आले. विद्यापीठात काम आणि फीमाफी मिळाली म्हणून येता आले. कर्ज काढावे लागते तर आलेच नसते. पासपोर्ट आणि विद्यापीठाची कागदपत्रे दाखवून बँकेत खाते सहज उघडले. अडले ते खोली घेताना. कचेरीतल्या बाईंनी माझी 'क्रेडिट हिस्टरी' विचारली. मी ताठ मानेने सांगितले, "माझ्यावर एका पैशाचंही कर्ज नाही. कधीच नव्हतं." बाई समजुतीने हसल्या आणि म्हणाल्या, "तीच तर अडचण आहे."

ज्याने कधी कर्ज घेतले नाही, तो फेडील की नाही हे कळणार कसे, हा त्यांचा प्रश्न. अण्णांनी जे आयुष्यभर टाळले, तेच न केल्यामुळे मी त्या देशात कुणीच नव्हते. मला एक महिन्याचे जादा डिपॉझिट भरावे लागले.

ग्रंथालयातल्या कामामुळे सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळाला आणि मी बँकेत जाऊन 'सिक्युअर्ड' कार्ड घेतले. त्याची रीत अशी: आपलेच तीनशे डॉलर बँकेकडे अनामत ठेवायचे आणि तेवढ्याच मर्यादेपर्यंत उधारीने खरेदी करायची. आपल्याच पैशांच्या जिवावर उधार, हे ऐकून अण्णा फोनवर बराच वेळ हसले.

चुकाही झाल्या. एका महिन्यात मी त्या कार्डावर दोनशे साठ डॉलर खर्च केले आणि वेळेवर सगळे फेडले. तरी नोंद लागली ती प्रतिकूल. मर्यादेच्या काठापर्यंत उधारी करणारा माणूस ओढग्रस्त असावा, असा तिथला हिशेब. शहाणी माणसे तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहतात. दुसरी फजिती चेकची. ऑक्टोबरच्या तीन तारखेला भाड्याचा चेक लिहिताना मी आपल्या सवयीने ३/१० असे लिहिले. इथे महिना आधी. तेव्हा तो मार्चच्या दहा तारखेचा, म्हणजे सहा महिन्यांहून जुना ठरून परत आला. वर उशिराचा दंड!

सहा महिन्यांनी माझ्या नावापुढे प्रथमच एक आकडा उमटला. हा गुणांक ३०० ते ८५० यांच्या दरम्यान असतो. १९८९ पासून चालत आलेल्या या पद्धतीत सुमारे ३५ टक्के वजन वेळेवर परतफेडीला, सुमारे ३० टक्के देणे किती आहे याला, आणि उरलेले खाते किती जुने, नवी कर्जे किती, ती कुठल्या प्रकारची, यांना. एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन कंपन्या ही दप्तरे सांभाळतात. आपले दप्तर पाहण्याचा आणि चूक दाखविण्याचा हक्क १९७० च्या कायद्याने दिला. बाईमाणसाला ती बाई आहे किंवा तिचे लग्न झालेले नाही म्हणून कर्ज नाकारता येणार नाही, हे मात्र १९७४ साली कायद्याने सांगावे लागले. त्याआधी कमावत्या बाईलाही नवऱ्याची सही आणायला सांगत.

हे वाचताना मला शेठजींची लाल वही आठवली. आकड्याला दयामाया नाही, शेठजींना होती, असे मी आधी मनाशी घोकत होते. मग आठवले, त्याच दुकानात आमच्या मागे उभ्या असलेल्या शेतमजूर बाईला ते म्हणत, "तुला रोखीनं." ती कधी चुकली होती म्हणून नव्हे. आम्हांला चार वर्षे उधार मिळाले त्यात अण्णांची नोकरी होती, आणि आमचे आडनावही होते. आकडा माझे आडनाव विचारीत नाही. पण मी का चुकले, घरात कोण आजारी होते, हेही तो विचारीत नाही. दोन्ही वह्यांत काही ना काही लिहायचे राहूनच जाते.

२०२४ मध्ये शिक्षण संपून मला नोकरी लागली. त्या ऑगस्टमध्ये विदर्भातली एक मुलगी शिकायला आली. खोलीसाठी तिला कुणाची तरी सही हवी होती. "ताई, तुम्ही सही कराल का?" असे तिने विचारले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर अण्णांची पगाराची चिठ्ठी उभी राहिली. तिने भाडे थकविले, तर सारे मला भरावे लागणार होते. मी नाही म्हणाले. तिचा उतरलेला चेहरा पाहून म्हटले, "माझ्या खोलीवर राहा, सोय होईपर्यंत." आणि माझी अनामत बँकेने परत केली होती, ते तीनशे डॉलर तिला कार्डासाठी दिले. बुडाले तरी सोसतील एवढेच.

रात्री अण्णांना फोन केला. शाबासकी मिळेल असे वाटले होते. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ठीक केलंस. पण एक सांगू? सही केली याचं मला कधी वाईट वाटलं नाही गं. तो नंतर बाजारात दिसला की रस्ता बदलायचा, त्याचं वाईट वाटतं."

एवढी वर्षे मी त्यांच्या वाक्याचा अर्धाच अर्थ लावला होता.

ती मुलगी सव्वा महिना माझ्याकडे राहिली. पुढच्या मे महिन्यात तिने पैसे परत केले. अजूनही वाटेत दिसली की लांबूनच हात करते. ही नोंद मात्र त्या तीनपैकी एकाही दप्तरात नाही.