सदतीसव्या घरातला दिवा

दहिवलीत माझ्याकडे संगणक शिकायला येणाऱ्या मुलांच्या हातात मी आधी अर्डुइनो उनो ठेवतो. कर्जत लोकलने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडवरून आणलेला बोर्ड, एटीमेगा ३२८ चिप, रॅम जेमतेम २०४८ बाइट. एवढा छोटा संगणक मुलाच्या डोक्यात अख्खा मावतो, म्हणून तो मला मोलाचा वाटतो.

एलईडी लावण्याचा धडा सगळेच घेतात. तयार आज्ञा लिहायची, दिवा लागतो, पुढे चला. आम्ही तिथेच मुक्काम करतो. चिपच्या आत आकडे ठेवायच्या घरांची एकच लांब रांग आहे. ३६ नंबरच्या घरात ३२ लिहिलं की १३ नंबरची पिन वीज बाहेर द्यायला तयार होते. ३७ नंबरच्या घरात ३२ लिहिलं की दिवा लागतो. २५६ नंबरपासून पुढच्या घरांत तोच आकडा लिहिला तर तो फक्त लक्षात राहतो. लिहिण्याची क्रिया तीच, घर वेगळं. हे उमगलं की मुलांच्या लेखी संगणक आणि बाहेरचं जग यांतली भिंत पडते. मला शिकवायचं असतं ते एवढंच.

यंत्राची अशी आतून ओळख म्हटली की मला एक जुना संगणक आठवतो. १९६० साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) टिफ्रॅक हा संगणक कामाला लागला. त्यात २,७०० व्हॉल्व्ह होते आणि स्मृतीची घरं २०४८, प्रत्येक घर ४० बिटांचं. तो बांधणाऱ्यांना यंत्राची जी ओळख झाली असेल, तिचा अंश आज दहावीतल्या मुलीलाही मिळू शकतो, याचा मला फार आनंद आहे.

दिव्यानंतरचा धडा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा. झाकणाला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावायचा, आवाज पाण्यावर आपटून परत येईपर्यंत टायमरने टिकटिक मोजायची. सेकंदाला एक कोटी साठ लाख! आवाज एक सेंटिमीटर जातो तेवढ्यात साडेचारशेहून जास्त. पण पाणी सेन्सरपासून सुमारे ७० सेंटिमीटरच्या खाली गेलं की स्क्रीन अचानक टाकी भरल्याचं सांगते. कारण मी सांगत नाही. मुलं सेन्सर बदलून बघतात, वायरी हलवतात, शेवटी वही काढतात. टायमरला दोनच बाइट, म्हणजे ६५,५३५ नंतर पुन्हा शून्य. मग कुणीतरी टायमरचा वेग आठाने भागतं आणि टाकी रिकामी होताना तळापर्यंतचे आकडे बरोबर येऊ लागतात.