ओढून बघ

वाढदिवसाला आणलेलं शिलाई मशीन चौथ्या दिवशी उघडं पडलं. गुलाबी प्लास्टिकचं, बॅटरीवर चालणारं, दप्तरात मावेल एवढं. नऊ वर्षांच्या लेकीने त्यावर बाहुलीचा फ्रॉक शिवला, शेवटी दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं म्हणून ओढलं, आणि बगलेपासून घेरापर्यंतची शिवण सर्रकन उसवली. तांदळाच्या पोत्याचं तोंड उघडतं, अगदी तशी. ती रडली नाही. म्हणाली, "बाबा, हे शिवलंच नव्हतं. नुसतं ओवलं होतं."

तिचं बरोबर होतं. त्या खेळण्यात दोरा एकच. साखळी टाक्यात एक फास पुढच्या फासात अडकत जातो. शेवटचा सुटला की सगळी रांग सुटते. खऱ्या मशीनला दोन दोरे लागतात, वरून सुईचा आणि खालून बॉबिनचा. कापडाच्या पोटात ते एकमेकांना अडकतात, म्हणून टीप ओढून निघत नाही.

खरं मशीन घ्यायचं म्हणून सोलापूरला आईला फोन केला. तिने आपल्या उषा मशीनवर अख्ख्या चाळीचे ब्लाउज शिवले, साड्यांना फॉल लावले. माझ्या लहानपणी सुई ओवायचं काम माझ्याकडे असायचं. ते मशीन ती आजही चालवते, त्यामुळे मागायची सोय नव्हती. म्हणाली, "नवं घेऊ नकोस. शिकणाऱ्या पोरीला जुनं बरं. त्याच्या खोडी आधीच्या बाईने मोडलेल्या असतात."

आम्ही बंगळूरमध्ये सर्जापूर रोडला, कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्यापलीकडे राहतो. सोसायटीच्या ग्रुपवर विचारल्याबरोबर एक मशीन मिळालं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मास्क शिवायला घेतलेलं, नंतर कपाटावर चढलेलं. पांढरं, चकचकीत, विजेवर चालणारं, बटण फिरवलं की वेगवेगळ्या नक्षीचे टाके. मला ते लगेच आवडलं. लेकीने पायाखालचं पॅडल जरा दाबलं आणि कापड तिच्या हातातून पळालं. घाबरून तिने हात काढले, पण पाय तसाच राहिला. सुई रिकाम्या जागी खडखडत होती आणि ती खुर्चीला टेकून बसली होती. मालकीणबाई म्हणाल्या, "सवय होईल." लेक लिफ्टमध्ये म्हणाली, "ते माझं ऐकत नाही."

दुसरं मशीन एका बंद होत असलेल्या शिंप्याच्या दुकानात होतं. बोम्मनहळ्ळी, होसूर रोडकडच्या कपड्यांच्या कारखान्यांत असतात तसलं. ती मशीनं मिनिटाला चार-पाच हजार टाके घालतात. पगारी हातांसाठी बनवलेली वस्तू. तिच्याकडे पाहूनच आम्ही परतलो.

तिसऱ्यासाठी एका रविवारी दोम्मसंद्राला गेलो. पत्र्याची शेड, दारात तीन काळी मशीनं, आत तेलाचा वास. मी लेकीला म्हटलं, "हात लावू नको गं, तेल लागेल." आतून उत्तर आलं, "लावू द्या की. तेलाला भिणारी काय शिवणार?" मराठीत! मेकॅनिक साठीचे, भावसार समाजातले. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या कब्बनपेठ भागात, धंदा रंगाऱ्याचा आणि शिंप्याचा. मी तेरा वर्षं स्वतःला इथला परका मराठी समजत होतो. ज्या शहरात 17 व्या शतकात शहाजीराजे राहिले, तिथे माझ्याआधीचे मराठी किती असतील हे कधी मनातच आलं नव्हतं. काकांच्या मराठीला कानडी हेल होता, पण 'टीप', 'उसवण', 'धावदोरा' हे शब्द माझ्या आईच्या तोंडचेच.

मी किंमत विचारली. त्यांनी माझ्याकडे न बघता लेकीला विचारलं, "उजव्या हाताने लिहितेस ना? मग हे चाक स्वतःकडे फिरव. हळू. कुठे जड लागतं ते सांग." पहिल्या मशीनचं चाक दर फेऱ्यात एका जागी अडखळत होतं. "म्हणजे आत काहीतरी घासतंय," काका म्हणाले आणि ते स्वतःच बाजूला सारलं. दुसऱ्याचा सुईचा दांडा त्यांनी तिला बोटांनी डावी-उजवीकडे हलवायला लावला; तो दातासारखा डुगडुगला. "याची टीप सरळ येणार नाही. आणि पोरीला वाटेल, आपलाच हात वाकडा." हे वाक्य मला लागलं. मोठा माणूस मशीनला दोष देतो, लहान पोर स्वतःला.

तिसरं त्यांनी आडवं केलं. पोटात वाळलेल्या तेलाचा काळा राप होता, पण गंज नव्हता. राप रॉकेलने निघतो, गंजाने खाल्लेला भाग बदलावाच लागतो. मग त्यांनी सुईखालच्या पत्र्याच्या भोकावरून लेकीचं नख फिरवलं. सुया मोडून मोडून तिथे ओरखडे पडले असतील तर दोरा सारखा तुटतो. इथे नख अडकलं नाही. कापड सरकवणारे दात टोकदार होते. एवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. मी मशीन दाखवायला लागलो, तर म्हणाली, "तोंड काय दाखवतोस? फोन खाली ठेव आणि आवाज ऐकव." काकांनी चाक फिरवलं. टक्-टक्-टक्. आई म्हणाली, "भाऊ, बॉबिनकडे तेल कमी आहे का?" काका हसले. "आक्का, दोन थेंब कमी आहे. तुम्ही दुकान टाका." पुढची दहा मिनिटं माझा फोन माझा नव्हता. तेल मशीनचंच घालावं, खोबरेल घातलं तर थंडीत घट्ट होतं, यावर दोघांचं एकमत झालं.

शेवटची परीक्षा टिपेची. वर लाल दोरा, खाली पांढरा, मध्ये दुहेरी कापड. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त, खाली लाल दिसला तर कमी. आमच्या टिपेत वर फक्त लाल, खाली फक्त पांढरा. लेकीने टोक धरून जोर लावला. निघालं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मशीन ठरलं.

आता पायाचं स्टँड घ्यायचं की हाताचं हँडल? मी स्टँड म्हणालो. आईचं तसंच होतं. काका म्हणाले, आधी हँडल. पायमशीनवर नवख्याचं चाक उलटं फिरतं आणि खाली दोऱ्याचा गुंता होतो. तिचे पाय अजून पुरते टेकतही नाहीत. हँडल असेल तर उजवा हात चाकाशी अडकलेला, म्हणजे सुईखाली जायला एकच हात मोकळा. आणि हात थांबला की सुई थांबते. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनी 1924 साली सिंगरच्या शिलाई मशीनला मात्र अपवाद म्हटलं होतं. कॉलेजात तो मला त्यांचा लहरीपणा वाटला होता. त्या शेडमध्ये पोर एकेक टाका मोजत घालत होती, तेव्हा माझं मत जरा बदललं.

हँडल आणि लाकडी बैठक धरून साडेचार हजार. वर्ष-दीड वर्षाने हेच डोकं स्टँडवर बसेल. सुई, बॉबिन कुठल्याही गावात मिळतात, कारण आपल्याकडच्या या काळ्या मशीनांचा आराखडा सिंगरच्या शंभर वर्षांहून जुन्या मशीनवरून उचललेला आहे. त्यावर कंपन्यांची नावं तेवढी बदलत गेली.

काकांनी पहिला आठवडा दोरा लावायला बंदी केली होती. चार रेघी वहीचं पान घ्यायचं, रिकाम्या सुईने रेघेवरून जायचं. सोमवारची भोकं मुंग्या पांगल्यासारखी. गुरुवारी रेघेच्या आसपास. रविवारी तिने पान ट्यूबलाइटसमोर धरलं, तर उजेडाची एक सरळ ओळ दिसली. मग दोरा आला, आणि दोऱ्याबरोबर सगळं बिनसणंही: बॉबिन उलटी बसली, एक सुई मोडली, एकदा रुमालाबरोबर स्वतःच्या फ्रॉकची बाही शिवली गेली. एकदाही ती मशीन ऐकत नाही असं म्हणाली नाही.

परवा तिने माझ्या चष्म्यासाठी पिशवी शिवली, आईने पाठवलेल्या सोलापुरी चादरीच्या तुकड्याची. माझ्या हातात देऊन म्हणाली, "ओढून बघ."

मी ओढलं. तीन बाजू घट्ट होत्या. एका कोपऱ्यात दोन टाके सुटले.

मी काही तरी गोड बोलायच्या तयारीत होतो. तिने पिशवी परत घेतली, कोपरा डोळ्याजवळ नेला. "इथे कापड फिरवून परत टीप मारायची राहिली. याला उलटं जायचं बटण नाही ना," ती म्हणाली, आणि हँडलला हात घातला.