चिरनेरचा कौल कुणाला विचारून?

भातकापणी सुरू आहे. पीक कापणी प्रयोगात कुठलं शेत आणि त्यातला कुठला तुकडा कापायचा, हे यादृच्छिक आकड्यांनी ठरतं. मालकाने दाखवलेला भरघोस कोपरा चालत नाही. ही पद्धत देशात रुजवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा. मतचाचणीचा पायाही हीच यादृच्छिक निवड.

*

चिरनेर उरण मतदारसंघात येतं. इथल्या एकूण मतदारांपैकी अमक्याच्या बाजूने किती टक्के, याचं आज एकच खरं उत्तर आहे, फक्त ते आपल्याला ठाऊक नाही. ते समष्टीचं, म्हणजे सगळ्या मतदारांचं, प्राचल. हजार जणांना विचारून आलेले 42 टक्के हा नमुन्याचा आकडा. दुसरे हजार निवडले तर 40 येतील, नाहीतर 44. निवड खरोखर यादृच्छिक असेल, तर शंभरातल्या सुमारे 95 वेळा तो प्राचलापासून साधारण 3 टक्क्यांच्या आतच राहतो. मतदारसंघ असो की अख्खा देश, हजार जणांच्या नमुन्याची अचूकता जवळपास तेवढीच. पटायला जड, पण खरं.

*

2014 च्या विधानसभेला उरणमध्ये मनोहर भोईर यांनी विवेक पाटील यांना हजाराहून कमी मतांनी हरवलं. फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत. अशा लढतीत हजार जणांच्या चाचणीवरून विजेता जाहीर करूच नये.

*

21 सप्टेंबर 2008. महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमीन द्यायची का, यावर पेण तालुक्यातल्या 22 गावांत जनमत घेतलं. तिथे नमुना नव्हता, सगळ्याच खातेदारांना बोलावलं होतं. कल ठळकपणे विरोधात गेला. तरी जे आलेच नाहीत, त्यांचं मत त्या आकड्यात नाही. आपणहून आलेले कितीही असले, तरी तो यादृच्छिक नमुना होत नाही.

*

25 सप्टेंबर 1930 च्या चिरनेर जंगल सत्याग्रहात अक्कादेवीच्या रानात गोळीबार झाला. आठ हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. आज कातकरी वाड्यांतली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. उरण ज्यात येतं त्या मावळचं लोकसभेचं मतदान 13 मे 2024 ला होतं, म्हणजे भट्ट्यांच्या हंगामातच. तेव्हा चाचणीवाल्याला वाडीत कुलूप दिसतं आणि तो शेजारच्या उघड्या घरात प्रश्न विचारून मोकळा होतो. ही चूक 3 टक्क्यांच्या हिशेबात धरलेली नसते, आणि हजाराचे दहा हजार केले तरी ती भरून निघत नाही.

चाचणी करणाऱ्यांनी मतदारयादीतून नावं काढावीत, आणि घराला कुलूप असेल तर त्या माणसाला शोधत भट्टीवर जावं.