तिसऱ्या गिअरमधला आवाज

बाबांची बुलेट घाटात वाजायला लागली, तेव्हा वाईत ज्याला त्याला एकच औषध ठाऊक होतं. पंपावरचा मुलगा म्हणाला, "ताई, भारीतलं टाका, साधं आता पहिल्यासारखं येत न्हाई." कॉलेजातल्या सहकाऱ्यांचं मतही तेच. भाचा तर एक पायरी पुढे गेला. "मावशी, पुण्याहून शंभर ऑक्टेनचं आण, मग बघ कशी पळते." २०२०च्या डिसेंबरात इंडियन ऑइलनं ते शंभरी पेट्रोल बाजारात आणलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणे होतं आणि लिटरचा भाव एकशे साठच्या आसपास होता. मी रसायनशास्त्र शिकवते, हायड्रोकार्बन आणि ऑक्टेन माझ्या रोजच्या बोलण्यातले. म्हणूनच असेल, पण आवाज कशाचा आहे हे कळल्याशिवाय टाकीत काहीही ओतायला माझं मन घेईना.

वाईहून पांचगणीला निघालं की शाहीर साबळ्यांचं पसरणी गाव लागतं आणि चढ सुरू होतो. बारा-एक किलोमीटरमध्ये जवळपास सहाशे मीटर उंची गाठायची असते. धोम धरणाचं पाणी खाली दिसू लागतं त्या वळणांवर बुलेट तिसऱ्या गिअरमध्ये, पस्तीस-चाळीसच्या वेगानं, रेस अर्ध्याहून जास्त पिळलेली असताना आवाज द्यायची. रिकाम्या पितळी डब्यात हरभरे हलवावेत तसा तो कोरडा, धातूचा आवाज. टॅपेटचा नव्हता, कारण टॅपेट उभ्या गाडीतही वाजतात. हा फक्त ओझ्याखाली यायचा. रेस जराशी सोडली की गप्प. दुसरा गिअर टाकून इंजिन मोकळं फिरू दिलं तरी गप्प. सकाळी सातला कमी, एप्रिलच्या दुपारी भरपूर.

या लक्षणांवरून रोग ओळखू येतो. याला नॉकिंग म्हणतात. ठिणगी पडली की ज्योत प्लगपासून सिलिंडरभर पसरत जाते. तिच्या पुढ्यातलं न पेटलेलं मिश्रण तेवढ्यात दाबलं जातं, तापतं. ज्योत पोचेपर्यंत त्यानं दम धरला तर पिस्टनला एकसंध ढकल मिळते. दम धरला नाही तर ते आपलं आपण, एकाच क्षणी भडकतं आणि दाबाची लाट भिंतींवर आपटते. ऐकू येतो तो या आपटण्याचा आवाज. हे फार काळ चाललं तर पिस्टनचा माथा खरवडला जातो, रिंगा तुटतात, एखादे दिवशी पिस्टनला भोकही पडतं.

पेट्रोलची हा दम धरायची क्षमता म्हणजे ऑक्टेन आकडा. तो ठरवायची पट्टी १९२६ साली ग्रॅहम एडगर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं घालून दिली. सहज न भडकणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १०० दिले आणि लगेच भडकणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला शून्य. ते शुद्ध हेप्टेन तेव्हा जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या राळेतून मिळायचं, हे मी वर्गात दरवर्षी आवर्जून सांगते, कारण झाडाची गोष्ट निघाली की मागच्या बाकावरचेही मान वर करतात. आपल्या पंपावर ९१ लिहिलेलं असेल तर अर्थ इतकाच, की चाचणीच्या इंजिनात ते पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागतं. त्याच्या लिटरमध्ये किती उष्णता भरली आहे, याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. ९१ आणि ९५ यांच्या लिटरमधली उष्णता जवळजवळ सारखीच असते. तेव्हा जे इंजिन वाजत नाही त्याला ९५ पाजून ते जोरात पळेल, ही आशा व्यर्थ आहे.

खरं कोडं वेगळंच होतं. बुलेटच्या पुस्तिकेत कॉम्प्रेशन रेशो ६.५ दिलेला आहे. म्हणजे पिस्टन वर येताना मिश्रण साडेसहा पटच दाबलं जातं. आज शंभर-सव्वाशे सीसीच्या घरगुती मोटारसायकलीसुद्धा नऊ-दहा पट दाबतात. ७० मिलिमीटर व्यासाचं आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचं हे लांबोडकं इंजिन दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमधलं. तिथे तेव्हा 'पूल' नावाचं एकच सरकारी पेट्रोल मिळायचं आणि त्याचा ऑक्टेन सत्तरीच्या घरात होता. सत्तरीच्या पेट्रोलवर धावणारं इंजिन ९१ वर कुरकुरत असेल, तर दोष पेट्रोलकडे ढकलण्यात अर्थ नव्हता.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून एका रविवारी टाकी रिकामी केली, ९५ भरलं आणि त्याच उन्हात, त्याच वळणांवर, त्याच गिअरमध्ये गाडी चढवली. भरताना पंपावरचा आकडा वाचून घेतला. हे सांगायला हवं, कारण भारी नावानं विकलं जाणारं प्रत्येक पेट्रोल ९५ चं असतंच असं नाही. अशा काही पेट्रोलमध्ये ऑक्टेन साधाच असायचा आणि जास्तीचे पैसे इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनांचे असायचे. त्या रसायनांचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही, पण नॉकिंगवर ते उत्तर नाही. आकडा बघावा, नाव बघू नये.

९५ वर आवाज कमी झाला. गेला मात्र नाही. मोठ्या वळणाच्या आधी दोनदा स्पष्ट वाजला. मला तेवढं पुरेसं होतं. घरी येऊन प्लग काढला. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरीएवढेसुद्धा नाहीत असे काळे नि चंदेरी कण चिकटले होते. चंदेरी कण म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. भारी पेट्रोलनं आवाज अजून थोडा दबला असता आणि आत पिस्टन झिजतच राहिला असता.

गाडी मिस्त्रींकडे नेली. बाबांच्या वेळेपासून तेच बघतात. मी ९५, ९१, प्लग असं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आदी पॉइंटचं झाकण काडू. पेट्रोलचं मागनं बगू."

जुन्या बुलेटला ठिणगी पाडणारे पॉइंट असतात आणि पॉइंटच्या प्लेटखाली दोन छोटी वजनं, दोन बारीक स्प्रिंगा. इंजिन जोरात फिरायला लागलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी थोडी आधी पडते. वेगात ते हवंच असतं, कारण ज्योतीला पसरायला वेळ कमी मिळतो. इंजिन हळू फिरत असताना स्प्रिंगांनी वजनं आत ओढून धरायची, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. आमच्या गाडीतल्या एका स्प्रिंगेनं ताण सोडला होता. वजनं कमी वेगातही बाहेर यायची. म्हणजे घाटात, इंजिन हळू नि ओझं भारी, नेमक्या त्या वेळी ठिणगी नको तितकी आधी पडत होती. पिस्टन अजून वर येतोय आणि खालून-वरून दोन्हीकडून दाब वाढतोय, अशा कोंडीत कुठलं मिश्रण दम धरणार?

मिस्त्रींनी स्प्रिंगा बदलल्या. मग प्लगच्या भोकातून चाकाचा एक जुना स्पोक आत सोडला, किक हळूहळू दाबत पिस्टन सर्वांत वर आणला, स्पोकवर खूण केली. सिगारेटच्या पाकिटातली चांदी पॉइंटच्या मध्ये धरली. पॉइंट उघडायला लागतो त्या क्षणी चांदी अलगद सुटते. पिस्टन स्पोकवरच्या खुणेच्या किंचित अलीकडे असताना तो क्षण यावा, असं जुळवायचं. प्रयोगशाळेत आम्ही ब्युरेटचा शेवटचा थेंब सोडताना श्वास रोखतो, तीच एकाग्रता मला त्यांच्या बोटांत दिसली. माझ्या मते रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं एकदा तरी असं टायमिंग लावताना बघावं. मग हेड खोललं. पिस्टनच्या माथ्यावर काळा, टणक कार्बन साचला होता. कार्बन दोन प्रकारे त्रास देतो. जागा व्यापून दाब वाढवतो आणि तापून लाल राहिला तर ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवतो. तो लाकडी पट्टीनं खरवडून काढला.

त्यानंतर साधं ९१ भरून मी घाट चढले. तिसऱ्या गिअरमध्ये, भर दुपारी, बाबांना मागे बसवून. एकदाही वाजली नाही. बाबा उतरल्यावर म्हणाले, "आता हिचं पोट बरं आहे."

भाच्याच्या गाडीची गोष्ट अगदी उलटी. त्याचं इंजिन मिश्रण बारा पटीहून जास्त दाबतं आणि पुस्तिकेत ९५ स्पष्ट छापलेलं आहे. महिन्याच्या अखेरीला खिसा हलका झाला की तो ९१ भरायचा. एकदा उन्हाळ्यात आम्ही दोघं सोबत पांचगणीला गेलो, तेव्हा माझी गाडी गप्प आणि त्याची वाजत होती. त्याच्या गाडीत नॉक सेन्सर नाही, त्यामुळे मोठ्या गाड्यांसारखं ठिणगी आपोआप मागे घेणं तिला जमत नाही. प्लग, टायमिंग, कूलंट सगळं ठीक होतं. ९५ भरलं आणि आवाज पूर्ण गेला. तिथे ते लिटरमागे काही रुपये जास्तीचे अगदी योग्य ठिकाणी जातात. मी त्याला निक्षून सांगितलं, की खर्च वाचवायचा तर फेऱ्या कमी कर, ऑक्टेन कमी करू नकोस.

डेन्व्हरला राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांनी हे ऐकून फोनवर विचारलं, "आमच्याकडे तर ८५ चं मिळतं, मग आमच्या गाड्या वाजत कशा नाहीत?" एक तर तिथला आकडा दोन वेगळ्या चाचण्यांची सरासरी असतो, त्यांचं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१. दुसरं, डेन्व्हर सोळाशे मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, सिलिंडरमध्ये शिरते तीच कमी, दाबही कमी. पांचगणीच्या टेबललँडवर पोचल्यावर माझ्या गाडीचा आवाज खालच्यापेक्षा मवाळ व्हायचा, त्यात या उंचीचा हात होताच.

आता मात्र पंपावरचं साधं पेट्रोलच बदललं आहे. २०२३च्या फेब्रुवारीत ई२० आलं, म्हणजे शंभर लिटरमध्ये वीस लिटर इथेनॉल. इथेनॉलचा ऑक्टेन १०८च्या घरात, त्यामुळे ई२० चा आकडा ९५च्या आसपास जातो, असं पेट्रोलियम मंत्रालयानंच सांगितलं आहे. नॉकिंगपुरतं बघितलं तर ही चांगलीच बातमी. पण बाबांच्या बुलेटला ऑक्टेनची भूक कधी नव्हतीच, तिच्यापुढे दुसरे प्रश्न उभे राहिले. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला नऊच. इथेनॉल मिसळल्यावर इंजिनाला त्याच हवेबरोबर इंधन थोडं जास्त द्यावं लागतं. नव्या गाड्यांतला संगणक ते बघून घेतो. कार्ब्युरेटरच्या जेटचं भोक ठरलेलं, त्याला कोण सांगणार? मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि तापलेलं इंजिन पुन्हा नॉकिंगकडे झुकतं. प्लगचा रंग फिकट तपकिरीवरून पांढरट व्हायला लागला तेव्हा मिस्त्रींनी मेन जेट एक नंबर मोठा घातला. कॉकचे वॉशर आणि पेट्रोलची नळीही बदलली, कारण जुनं रबर इथेनॉलमध्ये फुगतं.

पावसाळा हा आमच्याकडचा खास प्रश्न. महाबळेश्वरच्या पायथ्याशी आषाढ-श्रावणात हवा ओलीचिंब असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. अर्धी रिकामी टाकी महिनाभर तशीच ठेवली आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं, तर पाणी नि इथेनॉल मिळून तळाशी बसतं. वर उरतं ते इथेनॉल निघून गेलेलं पेट्रोल, आणि त्याचा ऑक्टेन साध्या ९१ च्याही खाली उतरतो. म्हणून पाऊस लागायच्या आधी मी टाकी काठोकाठ भरते, वर हवेला जागाच ठेवत नाही, आणि दर आठवड्याला गाडी थोडी तरी फिरवून आणते.

यंदा वर्गात इथेनॉल शिकवताना भुईंजकडच्या एका मुलानं हात वर केला. त्याच्या घरचा ऊस कारखान्याला जातो. "मॅडम, म्हणजे पेट्रोलचा ऑक्टेन आमच्या उसानं वाढवला?" मी हो म्हटलं. मग त्याचा दुसरा प्रश्न आला, "मग पप्पा म्हणतात गाडीचा एव्हरेज कमी झाला, ते खोटं?" तेही खरं, म्हटलं. फळ्यावर लिहून दिलं: पेट्रोलच्या लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल, इथेनॉलच्या लिटरमध्ये २१, आणि ई२० च्या लिटरमध्ये किती ते काढा. मुलांनी उत्तर काढलं. निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी. आधीच्या दहा टक्के मिश्रणापेक्षा साडेतीन टक्क्यांच्या आसपास. त्या मुलानं ते वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, की पप्पांच्या गाडीचं कॉम्प्रेशन किती आहे ते कुठे लिहिलेलं असतं.